गवतातली घागर

लग्नानंतरच्या पहिल्या अष्टमीला सासूबाईंनी माझ्या हातात तांब्याची घागर दिली. समोर तांदळाच्या उकडीच्या मुखवट्याची महालक्ष्मी, खोलीत उदाचा धूर कोंदलेला, आणि दहा-बारा बायका घागरी फुंकत घुमत होत्या. मी सोलापूरची. आमच्या घरी ही रीत नाही. पहिली दहा मिनिटं माझ्या घागरीतून नुसता वारा निघत होता. मग सासूबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, आत नको फुंकूस. काठावरून जाऊ दे." आणि एकदम घागर बोलायला लागली. तो आवाज कानांच्या आधी छातीत ऐकू येतो.

तोच आवाज मी गेल्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका माळावर ऐकला. उजाडायचं होतं. मी आणि माझी चौदा वर्षांची लेक एका लाकडी लपणात पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. थर्मासमधला आल्याचा चहा केव्हाच संपला होता. आणि बाहेरच्या काळोखात कुणीतरी घागर फुंकली. मग दुसरी. मग डावीकडून, उजवीकडून, सगळीकडून. लेकीनं माझा हात घट्ट धरला. "आई, आजीची घागर," ती कुजबुजली.

त्या घागरी फुंकणाऱ्याचं नाव ग्रेटर प्रेअरी चिकन. नावात चिकन असलं तरी हा ग्राउझ घराण्यातला पक्षी. आपल्याकडच्या पखुर्डीला इंग्रजीत सँडग्राउझ म्हणतात, पण तिचं याच्याशी काही नातं नाही. खरा ग्राउझ भारतात एकही नाही. उत्तर अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात जी उंच गवताची प्रेअरी होती, तिचा हा मूळ रहिवासी. वजन साधारण किलोभर, अंगभर तपकिरी-पांढरे आडवे पट्टे, एखाद्या जुन्या घोंगडीसारखे. गवतात बसला तर दोन हातांवरूनही दिसणार नाही. वर्षभर तो असा न दिसण्यातच घालवतो. हिवाळ्यात तर बर्फात बीळ करून रात्र काढतो. मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत मात्र रोज पहाटे नर एका ठरलेल्या उघड्या जागी जमतात आणि माद्यांसाठी नाचतात, घुमतात, भांडतात. इथले लोक त्या जागेला बूमिंग ग्राउंड म्हणतात. मला आपला 'फड' हा शब्द जास्त बरोबर वाटतो. कुस्तीचाही फड असतो आणि तमाशाचाही, आणि इथे दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं.

उजेड फुटायला लागला तसे आकार दिसू लागले. लपणाच्या फटीपासून जेमतेम पंधरा पावलांवर एक नर उभा होता. गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. त्यानं मान पुढे ताणली, शेपूट ताठ वर केली, मानेवरची लांब पिसं सशाच्या कानांसारखी उभी केली. मग पाय आपटायला लागला, इतक्या वेगानं की पाय दिसेनातच, फक्त त्याचा थरथराट लाकडाच्या फळीतून आमच्यापर्यंत आला. आणि मानेच्या दोन्ही बाजूंनी दोन फुगे बाहेर आले, नागपुरी संत्र्याच्या रंगाचे, तुकतुकीत. डोळ्यांवरच्या भुवया पिवळ्याधमक फुगल्या. मग तो घुमला. तीन सुरांचा, लांबत जाणारा. शांत पहाटे हा आवाज दीड-दोन किलोमीटरवर जातो म्हणतात, पण इतक्या जवळ तो मोठा वाटत नाही, खोल वाटतो. घुमून झाल्यावर त्याच्या चोचीतून वाफ निघाली. ती वाफ मला सगळ्यात जास्त आठवते.

आम्हाला इथे आणणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी आदल्या दिवशी एक कागद आणि पेन्सिल दिली होती. ठरावीक वेळानं किती नर, किती माद्या, ते लिहायचं. लपणात पहाटेआधी शिरायचं, आणि पक्षी आपणहून उठून जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही. खोकला आला तर तोंडावर स्वेटर दाबायचा. लेकीनं पेन्सिल आपल्याकडे घेतली. तिला पेन्सिल धरलेली पाहून मला बाबांची वही आठवली.

बाबा सोलापुरात बँकेत होते. पावसाळ्यातल्या रविवारी ते मला लूनावर मागे बसवून बार्शी रस्त्यानं नान्नजला न्यायचे, माळढोक बघायला. १९७९मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं होतं. बाबांच्या पिशवीत भाकरी-चटणी, एक जुनी दुर्बीण आणि एक दोनशे पानी वही. वहीत तारीख, वेळ आणि आकडा, बाकी काही नाही. एकदा, मी सात-आठ वर्षांची असेन, बाबांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. लांब माळावर एक नर उभा होता. गळ्याची पांढरी पिशवी फुगून जवळजवळ पायांपर्यंत आलेली, शेपटी पाठीवर उलटी पसरलेली. वारा आमच्याकडे होता म्हणून आवाज आला, एकच हुंकार, ढगांच्या पलीकडून आल्यासारखा. बाबा म्हणाले, "ऐकलंस? आता लिही. एक." त्या वहीत माझ्या अक्षरातला तो पहिला आकडा.

माळढोक आणि प्रेअरी चिकन एकमेकांचे कुणी लागत नाहीत. एक केवढा थोरला, उंच, एका वेळी एकच अंडं घालणारा. दुसरा कोंबडीएवढा, मादी दहा-बारा अंडी घालते. पण दोघांनीही गळा फुगवून, खालच्या सुरात, लांबवर हाक घालायची तीच युक्ती शोधली. गवताळ प्रदेशात उंच फांदी नसते, बसून गायला जागा नसते. आवाज जमिनीसरशीच पाठवावा लागतो.

मी ज्या इलिनॉय राज्यात गेली अठरा वर्षं राहते त्याचं लाडकं नाव 'प्रेअरी स्टेट' आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं मला वाटायचं, मक्याची आणि सोयाबीनची ही अफाट सपाट शेतं म्हणजेच प्रेअरी. मग कळलं की मूळच्या सुमारे २ कोटी २० लाख एकर गवतापैकी चांगल्या स्थितीतलं गवत हजारातला एक भागही उरलेलं नाही. इथली माती काळी, आपल्या काळीपेक्षाही खोल. सुरुवातीच्या वसाहतवाल्यांचे ओतीव लोखंडाचे नांगर त्या चिकट मातीत अडकायचे, दर चार पावलांवर फाळ खरवडावा लागायचा. १८३७ साली इलिनॉयमधल्याच ग्रँड डीटूर गावात जॉन डिअर नावाच्या लोहारानं पोलादाचा गुळगुळीत फाळ केला. माती त्याला चिकटेना. पुढच्या दोन पिढ्यांत गवत संपलं.

मी शेतकऱ्याची नात आहे, नांगराला नावं ठेवणं मला जमायचं नाही. आणि गंमत अशी की सुरुवातीला नांगरानं या पक्ष्याचं भलंच केलं. गवताच्या समुद्रात अधूनमधून धान्याची शेतं आली, हिवाळ्यात सांडलेले दाणे मिळू लागले, आणि पक्षी वाढले, पसरले, पूर्वी जिथे नव्हते अशा उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या मुलखातही पोचले. एकट्या इलिनॉयमध्ये एकोणिसाव्या शतकात ते लाखांनी नव्हे, कोटीच्या घरात होते असा अंदाज आहे. माणसं पिंपं भरभरून ते आगगाडीनं शिकागोच्या बाजारात पाठवत. मग शेतं वाढत गेली आणि गवत कमी होत गेलं, आणि एका टप्प्यानंतर दाणे भरपूर पण घरटं करायला जागा नाही अशी वेळ आली. १९३३मध्ये इलिनॉयनं शिकार बंद केली. तोवर बंदूक हे मुख्य कारण राहिलंच नव्हतं. १९६२च्या सुमारास राज्यात दोनेक हजार पक्षी राहिले. १९९४ला पन्नासही नव्हते.

या पन्नासांची गोष्ट मला रात्री झोपू देत नाही असं म्हटलं तर ते खोटं नाही. कारण तोवर त्यांना वाचवायला माणसं धावली होती. दक्षिण इलिनॉयमध्ये जॅस्पर आणि मॅरियन परगण्यांत जमिनी घेऊन गवत राखलं होतं. शिकार नव्हती, नांगर नव्हता. रोनाल्ड वेस्टमायर नावाचा शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं, एकेक घरटं शोधून, त्यातली अंडी मोजत होता. आणि त्याला दिसत होतं की अंडी उबवली जाताहेत, पण फुटत नाहीत. पूर्वी दहातली नऊ अंडी फुटायची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला निम्मी फुटेनात. मादी तेवीस ते पंचवीस दिवस गारठ्यात, पावसात अंड्यांवर बसायची आणि शेवटी आत काही नसायचंच. पक्षी इतके थोडे आणि बाकीच्यांपासून इतके तुटलेले होते की पिढ्यान्पिढ्या आपसातच जोड्या जुळत होत्या. संग्रहालयात ठेवलेल्या १९३०च्या दशकातल्या पक्ष्यांच्या जनुकांशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं, कितीतरी प्रकार गळूनच गेले होते. गवत होतं, पक्षी होता, नाचही होता. आतून मात्र वंश संपत आला होता.

मग १९९२ ते १९९६ या काळात कॅन्सस, मिनेसोटा आणि नेब्रास्काहून २७१ पक्षी आणून सोडले. आपल्या भाषेत सांगायचं तर परमुलखात सोयरीक केली. थोड्याच वर्षांत पुन्हा दहातली नऊ अंडी फुटायला लागली. जगभरात आज 'जनुकीय बचाव' म्हटलं की हे उदाहरण देतात. पण वाचणाऱ्यानं एक लक्षात घ्यावं, ही औषधाची एक मात्रा होती. सभोवतालचं गवत वाढल्याशिवाय तो तुटलेपणा जात नाही, आणि तुटलेपणा राहिला की दुखणं परत येतं.

याच पक्ष्याची एक पूर्वेकडची उपजात होती, हीथ हेन. ती शेवटी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगतच्या मार्थाज व्हिनयार्ड या एकाच बेटावर उरली. १९०८मध्ये तिच्यासाठी राखीव क्षेत्र केलं. पन्नासेक पक्षी होते, त्यांचे वाढून दोनेक हजार झाले. लोकांना वाटलं, झालं काम. १९१६च्या मेमध्ये, ऐन अंड्यांवर बसायच्या दिवसांत, बेटावर वणवा पेटला. पाठोपाठ कडक हिवाळा आणि ससाण्यांसारख्या शिकारी पक्ष्यांची धाड. मग पाळीव टर्कींकडून आलेला रोग. १९२७ला तेरा उरले, त्यात माद्या दोनच. १९२८च्या अखेरीस एक. तो एकटा नर पुढची तीन वर्षं वसंतात त्याच जुन्या शेतावर येत राहिला. १९३१मध्ये त्याला पकडून, पायात कडी घालून पुन्हा सोडलं. ११ मार्च १९३२ला तो शेवटचा दिसला. बेटावरची माणसं त्याला नावानं ओळखायची, बूमिंग बेन.

एकाच बेटावर सगळे ठेवल्यानं काय होतं ते त्या वणव्यानं दाखवलं. आणि बहुधा तेच मनात धरून विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक आणि फ्रान्सिस हॅमरस्ट्रॉम या नवरा-बायकोनं वेगळा विचार केला. दोघं वन्यजीव-संवर्धनशास्त्राचा पाया घालणाऱ्या अल्डो लिओपोल्ड यांचे विद्यार्थी. फ्रान्सिस बॉस्टनच्या श्रीमंत घरातली, काही काळ फॅशन मॉडेल म्हणून काम केलेली. ती प्लेनफिल्डजवळ नळसुद्धा नसलेल्या जुन्या घरात येऊन राहिली आणि आयुष्यभर राहिली. त्यांच्या घरी दर वसंतात माणसं येत, मिळेल तिथे झोपत, पहाटे तीनला उठून लपणात जाऊन बसत आणि पक्षी मोजत. अशी हजारो माणसं त्या घरातून गेली. हॅमरस्ट्रॉम दांपत्याचं म्हणणं असं, की या पक्ष्याला एक भलंमोठं कुंपण घातलेलं राखीव क्षेत्र परवडणारं नाही आणि लागतही नाही. शेतांच्या मधेमधे, पटावरच्या घरांसारखे, गवताचे तुकडे ठेवा, एकापासून दुसरा पक्ष्याला उडत गाठता येईल इतक्या अंतरावर. लोकांनी पैसे जमवून ब्युएना व्हिस्टाच्या माळावर असे तुकडे घेतले आणि ते सांभाळायला राज्याच्या खात्याकडे दिले. आम्ही बसलो होतो तो माळ हाच. आजूबाजूला बटाट्याची शेतं, आणि मधेच गवत.

हे ऐकताना मला नान्नजच आठवत होतं. आपल्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र कागदावर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होतं, गावं, शेतं, रस्ते, सगळं धरून. जमिनीचे व्यवहार अडले, लोक त्या पक्ष्याच्या नावानं बोटं मोडू लागले. पुढे ते १,२००च्या आसपास आणलं. प्रत्यक्ष राखलेलं गवत मात्र पहिल्यापासून तुकड्यातुकड्यांचंच होतं. ज्यांच्या शेताकडेला पक्षी वावरायचा त्यांच्यावर रेघ मारण्याऐवजी त्यांच्याशी हिशेबानं बोललो असतो, गवताचा तुकडा रीतसर विकत किंवा खंडानं घेतला असता, तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आज नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. देशात उरलेले बहुतेक सगळे राजस्थानात आहेत, तिथे जैसलमेरकडे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे.

आणि झाडं! पुन्हापुन्हा सांगूनही हे आपल्याकडे पटत नाही. माळ दिसला की आपले हात खड्डे खणायला शिवशिवतात. कागदोपत्री तो पडीक असतो, त्यामुळे तिथे झाडं लावणं हे पुण्याचंच काम वाटतं. विस्कॉन्सिनमध्ये ते गृहस्थ आम्हाला अभिमानानं एक जागा दाखवत होते, जिथे त्यांनी हिवाळाभर झाडं तोडली होती. प्रेअरी चिकन उंच गोष्टींपासून लांब राहतो, कारण उंचावर शिकारी पक्षी बसतो. माळाच्या कडेनं विलो आणि अॅस्पेन वाढले की पक्षी तेवढी जागा सोडून देतो, खाली गवत कितीही चांगलं असलं तरी. म्हणून तिथे झाडं काढतात, ठरावीक तुकडे आळीपाळीनं जाळतात, काही तुकडे गुरांना चारतात. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये, जिथे जमिनीत गारगोटी आणि चुनखडक असल्यानं नांगर चाललाच नाही आणि म्हणून उंच गवत आजही मैलोन्मैल आहे, तिथली अडचण उलटी. तिथे गुरांसाठी दर वसंतात सगळाच माळ जाळायची सवय, त्यामुळे मादीला मागच्या वर्षीचं आडोशाचं गवत मिळत नाही. आता तिथले काही पशुपालक एका वर्षी एकच भाग जाळून बघताहेत. जाळणं, चारणं, राखणं, तिन्ही हवं, फक्त एकाच दिवशी सगळीकडे नको. हे आमच्या गावच्या कुठल्याही धनगराला मी सांगायला गेले तर तो म्हणेल, "मग? त्यात नवीन काय?"

एक गोष्ट त्या गृहस्थांनी अशी सांगितली की लेकीनं परतीच्या वाटेवर ती तीनदा काढली. शिकारीच्या हौसेसाठी आशियातून आणलेला फेझंट हा पक्षी अमेरिकेत सगळीकडे पसरला. फेझंटची मादी कधीकधी आपली अंडी प्रेअरी चिकनच्या घरट्यात घालते. ती अंडी दोनेक दिवस आधी फुटतात. पिल्लं बाहेर आली की प्रेअरी चिकनची मादी त्यांना घेऊन निघते, कारण तिच्या शरीराला तेवढंच कळतं, पिल्लं आली, आता चला. आणि तिची स्वतःची अंडी, आतून टोचा मारायच्या बेतात असलेली, मागे गार पडतात.

"तिला मागे वळून बघावंसं वाटत नसेल?" लेकीनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या फडावर सूर्य वर आला तेव्हा पहिली मादी आली. चालतच आली, गवतातून, घाई न करता. तिला पाहताच सगळ्या नरांना वारं भरलं. जो तो घुमायला, उड्या मारायला, शेजाऱ्यावर धावून जायला लागला. तुटलेली पिसं गवतावर पडली. ती मात्र मधेच थांबून काहीतरी टिपून खात होती. फडाच्या मधोमध ज्याची जागा असते त्याच्याकडेच बहुतेक माद्या जातात, कडेचे बाकीचे नर सगळा वसंत रोज येऊन, घुमून, रिकामेच परततात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा येतात. कारण उद्या मधली जागा मोकळी होऊ शकते.

तेवढ्यात वरून एक हॅरियर, आपल्याकडे हिवाळ्यात माळावर येणाऱ्या भोवत्याचाच भाऊबंद, गवताला लागूनलागून तरंगत आला. सगळा फड एका क्षणात जमिनीला चिकटला. संत्री विझली. आवाज बंद. समोर नुसतं गवत उरलं, जणू तिथे कधी कुणी नव्हतंच. मी श्वास धरून त्या गवताकडे बघत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कडेच्या एका नरानं, त्या मधल्या थोरल्यानं नव्हे, मान वर काढली आणि पहिली घागर फुंकली.

लेकीनं कागदावर शेवटचा आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला.

त्या रात्री, म्हणजे सोलापूरच्या सकाळी, मी बाबांना फोन लावला. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून मोबाइलवर टिपलेला आवाज दोनदा लावला. त्यांनी फोन कानाला दाबून धरल्याचं मला इकडे कळत होतं.

"हा आपला नव्हे," ते म्हणाले. "आपला एकदाच घुमायचा, आणि मग कितीतरी वेळ गप्प. पण चांगला आहे. किती होते?"

"नऊ नर, बाबा. तीन माद्या."

"एका ठिकाणी?"

"एका ठिकाणी."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि कागद चाळल्याचा.

"थांब," बाबा म्हणाले. "लिहून घेतो. तारीख सांग."